माया हवीच, पण हातही शिकलेला हवा

नवे औषध किंवा लस माणसापर्यंत येण्याआधी बहुतेक वेळा एखाद्या उंदरावर, सशावर किंवा गिनीपिगवर तिची चाचणी झालेली असते. असे प्रयोग व्हावेत की नाहीत, यावर आपण तावातावाने बोलतो. ते करणाऱ्याला कुणी काय शिकवले आहे, हे मात्र क्वचितच विचारतो. प्रयोग चालू आहेत तोवर पिंजऱ्यातल्या प्राण्याचे हाल किंवा दिलासा याच गोष्टीवर ठरतो. म्हणून या प्रशिक्षणाबद्दलचे काही गैरसमज दूर करायला हवेत.

गैरसमज १ : प्राण्यांवर माया असली की पुरे, शिकायचे काय त्यात?

वस्तुस्थिती : उंदराला शेपटीला धरून उचलायची पद्धत जुनी आहे. तसे उचलणारी माणसे निर्दय नसतात. त्यांना तसेच शिकवलेले असते. २०१० मध्ये लिव्हरपूल विद्यापीठातील जेन हर्स्ट आणि रेबेका वेस्ट यांनी दाखवून दिले, की शेपटीने उचललेले उंदीर माणसाचा हात टाळतात आणि जास्त भेदरलेले असतात. नळीतून किंवा ओंजळीत उचललेले उंदीर आपणहून जवळ येतात. पद्धत साधी आहे. पिंजऱ्यातली नळी उंदराच्या पुढ्यात धरायची, दुसऱ्या हाताने मागून हलका आडोसा करायचा आणि तो आत शिरला की नळी सावकाश उचलायची. भेदरलेला उंदीर वर्तनाच्या चाचण्यांतही नीट वागत नाही, म्हणजे प्रयोगाचे निष्कर्षही बिघडतात. तेव्हा प्राण्याची काळजी घेणे आणि विज्ञान चोख ठेवणे ही दोन वेगळी कामे नाहीत.

गैरसमज २ : एम.एस्सी. किंवा एम.फार्म. झाले, की प्रयोग करायची मुभा मिळते.

वस्तुस्थिती : पदवी म्हणजे परवानगी नव्हे. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा आहे आणि प्राण्यांचे प्रजनन व प्रयोग यांवरचे नियम १९९८ चे. त्यांनुसार संस्थेची केंद्रीय समितीकडे नोंदणी असावी लागते. ही समिती पूर्वी सीपीसीएसईए म्हणून ओळखली जायची. आता तिचे नाव सीसीएसईए आहे. प्रत्येक प्रकल्प आधी संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीपुढे मांडावा लागतो. तिथे पशुवैद्य, बाहेरच्या संस्थेतला शास्त्रज्ञ, केंद्रीय समितीचा प्रतिनिधी आणि विज्ञानाबाहेरचा एक समाजभान असलेला सदस्यही बसतो. किती प्राणी, कोणती प्रजाती, भूल कोणती, प्रयोग कोणत्या टप्प्यावर थांबवणार, आणि हे सारे करणाऱ्यांना त्याचा अनुभव किती, हे तिथे तपासले जाते.

गैरसमज ३ : हात बसायचा तर जिवंत प्राण्यावरच सराव करावा लागतो.

वस्तुस्थिती : केवळ हाताचे कसब मिळवण्यासाठी प्राण्यांवर प्रयोग होऊ नयेत, याची काळजी घ्या, असे १९६० च्या कायद्याचे सतरावे कलम सांगते. पुस्तके, प्रतिकृती आणि फिल्म यांनी भागत असेल तिथे प्रयोग टाळा, हेही त्याच कलमात आहे. तोंडावाटे औषध द्यायची सुई घ्या. तिचे टोक गोलसर, बोथट असते. ती किती आत जाणार हे आधी प्राण्याच्या अंगाशी बाहेरून धरून मोजायचे असते. ती चुकून श्वासनलिकेत गेली, तर औषध फुप्फुसात उतरते आणि प्राणी दगावू शकतो. म्हणून मोजायचे कसे, पकड कशी ठेवायची, अडथळा जाणवताच जोर न लावता सुई मागे कशी घ्यायची, हे रबरी प्रतिकृतीवर पुन्हापुन्हा करून पाहायचे. त्यानंतरही पहिला प्राणी अनुभवी माणूस शेजारी उभा असतानाच हाती घ्यायचा.

गैरसमज ४ : उंदीर गप्प बसला आहे, म्हणजे त्याला दुखत नाही.

वस्तुस्थिती : ज्यांची शिकार होते असे प्राणी दुखणे लपवतात. २०१० मध्येच कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी उंदराच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखायची मोजपट्टी मांडली. डोळे किती मिटले आहेत, नाक आणि गाल फुगले आहेत का, कान आणि मिशा कशा वळल्या आहेत, अशा पाच खुणांना गुण द्यायचे असतात. ही नजर उपजत नसते. ती शिकावी लागते, आणि ती आली की वेदनाशामक कधी द्यायचे हे अंदाजावर सोडावे लागत नाही.

गैरसमज ५ : एकदा प्रमाणपत्र मिळाले, की कुठेही आणि कोणतेही काम करता येते.

वस्तुस्थिती : ब्रिटनमध्ये १९८६ च्या कायद्यानुसार प्रयोग करणाऱ्याला व्यक्तिगत परवाना लागतो, आणि त्यात नमूद प्रकारांपलीकडचे काम त्याला करता येत नाही. युरोपीय संघाच्या २०१० च्या निर्देशात प्रयोग करणे, प्रयोगाची आखणी, प्राण्यांची देखभाल आणि प्राण्याला वेदनारहित मरण देणे ही चार कामे वेगळी धरली आहेत. अमेरिकेत तंत्रज्ञांसाठी तीन पायऱ्यांची प्रमाणपत्रे आहेत. उंदराचे काम येणाऱ्याला सशाचे येतेच असे नाही. सशाला उचलताना मागच्या पायांना आधार दिला नाही आणि त्याने जोराने लाथ झाडली, तर त्याचा कणा मोडू शकतो.

गैरसमज ६ : हे सगळे शास्त्रज्ञांसाठी, पिंजरे धुणाऱ्याला त्याचे काय?

वस्तुस्थिती : सकाळी सर्वांत आधी पिंजऱ्यापाशी कोण जातो? ॲनिमल हाउसचा कर्मचारी. दाणा तसाच पडला आहे, केस विस्कटलेत, पाठ वाकली आहे, हे पहिल्यांदा त्यालाच दिसते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने अशा तंत्रज्ञांसाठी कित्येक वर्षे अभ्यासक्रम चालवले, ते याच जाणिवेतून. ज्या संस्था या माणसांना शिकवत नाहीत, त्या आपल्या प्राण्यांवरची पहिली नजरच गमावतात.

विल्यम रसेल आणि रेक्स बर्च यांनी १९५९ मध्ये तीन तत्त्वे मांडली. शक्य तिथे प्राण्याऐवजी पर्याय वापरा, प्राण्यांची संख्या कमी करा आणि त्रास कमी होईल अशा पद्धती आणा. कोणत्याही चांगल्या प्रशिक्षणाचा पाया आजही हीच तत्त्वे आहेत. आपल्याकडे १९६० च्या कायद्यात केंद्रीय समितीचे आदेश मोडल्याबद्दल दंड आहे जास्तीत जास्त दोनशे रुपये. एवढ्या दंडाच्या धाकाने कुणी सुधारणार नाही. सुधारायचे ते शिकण्यातूनच.

म्हणून पहिल्या प्रकल्पासाठी ॲनिमल हाउसच्या दाराशी उभ्या असलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला एकच सांगणे आहे. आत पाऊल टाकण्यापूर्वी आपल्या मार्गदर्शकांना दोन प्रश्न विचारा : मला हे कोण शिकवणार, आणि पहिल्या वेळी माझ्या हाताकडे कोण पाहणार? दोन्हींची उत्तरे मिळेपर्यंत पिंजऱ्याचे झाकण उघडू नका.