पोर्टुम्नाचं वर्कहाऊस : कुणी येऊ नये म्हणून बांधलेलं घर

आयर्लंडमधल्या गॉलवे परगण्यातल्या पोर्टुम्नाला पर्यटक येतात ते सतराव्या शतकातला किल्ला पाहायला. शॅनन नदीकाठी हिंडतात, कॉफी पितात, पुढे जातात. त्याच गावातल्या वर्कहाऊसकडे, म्हणजे निराधारांना कामाच्या बदल्यात अन्न-आसरा देणाऱ्या जुन्या सरकारी घराकडे, फारसं कुणी वळत नाही.

इतिहास थोडक्यात असा. गरिबांसाठीच्या 1838 च्या कायद्याने देशभर वर्कहाऊस उभी राहू लागली. पुढे ती 163 झाली. 1845 मध्ये बटाट्यावर करपा पडला आणि दुष्काळ आला. दहा लाखांच्या आसपास माणसं गेली, त्याहून जास्त देश सोडून गेली. पोर्टुम्नाचं वर्कहाऊस सुरू झालं 1852 मध्ये, म्हणजे दुष्काळाचा कहर ओसरल्यावर. सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे तिकडेही चालतं!

मी रेंगाळलो ते इमारतीपाशी. जॉर्ज विल्किन्सन हा पंचविशीतला इंग्रज वास्तुविशारद. वर्कहाऊस बांधण्यासाठी 1839 मध्ये नेमलेला. दगडाचा मोठा दर्दी. आयर्लंडचे दगड आणि जुनी बांधकामं यांवर त्याने 1845 मध्ये ग्रंथही लिहिला. ते प्रेम बाहेरच्या भिंतींत दिसतं. आत मात्र, कुणी सुखासुखी येऊ नये म्हणून, गिलावा नाही, नुसता चुना फासलेला. वर गेलं की दोन्ही बाजूंना फळ्यांचे लांबच लांब ओटे, मधून चालण्यापुरती वाट. ओट्यांवर पेंढ्याच्या गाद्या टाकून ओळीने झोपायचं.

इथे यायचं तर अख्ख्या कुटुंबाने यायचं. अंगावरचे कपडे जमा करायचे, आंघोळ करून गणवेश चढवायचा. मग पुरुष, बायका, मुलगे, मुली चार दिशांना. दोन वर्षांखालचं मूल तेवढं आईपाशी. "दार कधीच बंद नव्हतं," माहिती देणाऱ्या बाई म्हणाल्या. "तीन तास आधी सांगून कुणीही जाऊ शकायचं. पण जाणार कुठे?"

आणि जमिनीचं काय? 1847 मध्ये विल्यम ग्रेगरी या खासदाराने कायद्यात कलम घुसडलं, की पाव एकराहून जास्त जमीन कसणाऱ्याला सरकारी मदत नाही. दहा गुंठे! पेज हवी तर शेत सोडा. हा ग्रेगरी गॉलवेचाच, कूलचा जमीनदार. पुढे सिलोनचा गव्हर्नर झाला.

काम म्हणजे पुरुषांनी खडी फोडायची, बायकांनी धुणी धुवायची. खायला अमेरिकी मक्याच्या पिठाची पेज. आपल्याकडे 1972 च्या दुष्काळात खडी फोडून लाल मिलोच्या भाकरी खाल्लेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

बरीचशी वर्कहाऊस पाडली गेली, काहींची इस्पितळं झाली. तिथे भरती व्हायला म्हातारी माणसं कितीतरी वर्षं घाबरत. पोर्टुम्नाची इमारत उभी आहे, डागडुजीही चालू असते. पण काही भागांत ओल चढलीय, आणि इतक्या मोठ्या पसाऱ्याला पैसा पुरणार कसा? गॉलवे शहरातून गाडीने साधारण तासाभराचा रस्ता आहे. किल्ल्याला अर्धा तास कमी द्या, आणि उन्हाळ्यातसुद्धा स्वेटर घेऊन जा.