सिमेंटच्या गोणीत काय असतं?

● कच्चा माल : चुनखडी आणि चिकणमाती. दोन्ही दळून भट्टीत सुमारे १४५० अंश सेल्सिअसला भाजतात. त्यातून काळपट गोट्या तयार होतात; हाच क्लिंकर.

● घटक : चुना ६० ते ६७ टक्के, सिलिका १७ ते २५ टक्के; शिवाय ॲल्युमिना आणि लोह. करडा रंग मुख्यतः लोहामुळे येतो.

● जिप्सम : क्लिंकर दळताना थोडं घालतात. ते नसेल, तर पाणी पडताच माल घमेल्यातच आवळेल.

● पाणी मारणं : सिमेंट वाळून नव्हे, पाण्याशी रासायनिक संयोग होऊन घट्ट होतं. म्हणून नव्या स्लॅबवर आळी करून पाणी साठवतात.

● ५३ ग्रेड : प्रमाणित चाचणीत २८ दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला किमान ५३ न्यूटन दाब सोसण्याची ताकद.