आवक, साठा, विसर्ग

पावसाळ्यात कोयनानगरच्या कोयना धरणाचे तीन आकडे सातारा-सांगलीच्या घराघरांत रोज वाचले जातात: आवक, साठा आणि विसर्ग. पुण्यातल्या सॉफ्टवेअर टीमसोबत सकाळच्या बैठकीला उभा राहतो, तेव्हा समोरच्या आलेखातही मी हेच तीन आकडे शोधतो.

आलेख साधा असतो. आडवे दिवस, उभी कामांची संख्या. वरची रेषा आजवर हाती घेतलेल्या कामांची, खालची ग्राहकाकडे पोहोचलेल्या कामांची. मधले रंगीत पट्टे म्हणजे अडलेला साठा: कोडिंग चालू, टेस्टिंगसाठी थांबलेलं, टेस्टिंग चालू.

एका प्रोजेक्टमध्ये बैठकीत प्रत्येक जण ‘माझं काम झालं’ असं सांगे आणि ते खरंही असे. पण टेस्टिंगसाठी थांबलेल्या कामांचा पट्टा दिवसेंदिवस रुंदावत होता आणि खालची रेषा जवळपास सपाट होती. कोड लिहिणारे पुष्कळ, तपासणारे दोघेच. आलेख पाहून टीमने नवं काम घेणं थांबवलं आणि काही डेव्हलपर टेस्टिंगला बसले. पट्टा आक्रसू लागला, खालची रेषा वर चढली. कुणालाही जास्त वेळ थांबावं लागलं नाही.

यामागचं गणित जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलं. ३० कामं अपूर्ण असतील आणि दिवसाला ३ पूर्ण होत असतील, तर एका कामाला सरासरी १० दिवस लागतात. साठा निम्मा केला आणि वेग तोच राहिला, तर दिवसही निम्मे होतात.

धरणावरही साठा असाच आवरावा लागतो. कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी (अब्ज घनफूट). ११,५७४ क्युसेकची (सेकंदाला तितके घनफूट) आवक चोवीस तास टिकली, की साठ्यात १ टीएमसीची भर पडते. म्हणून ऐन पावसाळ्यात धरण लगेच काठोकाठ भरत नाहीत. कोणत्या तारखेला किती पातळी ठेवायची हे ठरवून पुढच्या पावसासाठी जागा राखतात. फरक एवढाच, की धरणातलं पाणी उन्हाळ्यात वीज आणि शेतीला उपयोगी पडतं. अर्धवट कोड कुणाच्याच उपयोगाचा नसतो. त्यामुळे टीमला ही शिस्त धरणाहून अधिक कडक पाळावी लागते.

आपल्या टीमचा आलेख उघडाल तेव्हा किती कामं संपली हे मागाहून मोजा. आधी सर्वांत रुंद पट्टा शोधा आणि तो अरुंद होईपर्यंत नवं काम आत घेऊ नका.