तीस दिवसांच्या आत बाळाचे डोळे दाखवा



या पानावर मी नेहमी लागण, खोडवा, बेणे आणि खताचे हप्ते यांविषयी लिहितो. आज विषय वेगळा आहे, पण हिशेब तोच, दिवसांचा. लागणीनंतर महिन्याभरात नांग्या भरल्या तर फड एकसारखा येतो. उशिरा भरलेली रोपे मोठ्या उसाच्या सावलीत मागेच राहतात. कमी दिवसांच्या बाळाच्या डोळ्यांचेही असेच आहे.

गेल्या वर्षी माझी भाची मालाडला बाळंत झाली. दिवस भरायला अजून दोन महिने होते. बाळ चौदाशे ग्रॅमचे. पेटीत ठेवले, प्राणवायू दिला आणि देवाच्या दयेने बाळ तगले. घरी सोडताना कागदावर डोळे तपासणीची तारीख लिहून दिली होती. सासूबाई म्हणाल्या, "उजेड आला की डोळे मिचकावतंय की! डोळ्यांना काय झालंय?" भाचीचा मला फोन आला, "मामा, एवढ्याशा जिवाला लोकलच्या गर्दीतून न्यायचं का?" खरे सांगायचे तर मलाही काही ठाऊक नव्हते. मी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, "तारीख चुकवू नका. टॅक्सी करा, पण न्या."

त्यांनी समजावले ते असे. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला पडदा असतो. त्याच्या रक्तवाहिन्या आईच्या पोटातच वाढतात आणि दिवस भरतेवेळी कडेपर्यंत पोचतात. बाळ लवकर जन्मले की ही वाढ अर्धी राहते. पुढे वेड्यावाकड्या वाहिन्या फुटतात, रक्त उतरते, पडदा ओढला जाऊन सुटतो. मग दृष्टी परत आणणे फार अवघड. जास्त प्राणवायूनेही हा रोग बळावतो. अमेरिकेचे नामांकित गायक स्टीव्ही वंडर १९५० साली दिवसांआधी जन्मले आणि याच रोगाने त्यांची दृष्टी गेली.

बाहेरून डोळा अगदी निरोगी दिसतो, हीच यातली फसगत. म्हणून चौतीस आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाचे डोळे तीस दिवसांच्या आत तपासावेत. फारच लहान बाळ असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच. थेंब घालून बाहुली मोठी करतात आणि आतला पडदा बघतात. बाळ रडते, पण काम काही मिनिटांचेच. एकदा तपासून भागत नाही, डॉक्टर सांगतील तितक्या वेळा जावे लागते.

भाचीच्या बाळाला दुसऱ्या खेपेला रोग वाढलेला निघाला. दोन्ही डोळ्यांना लेसर केले. आज ते पोर माझ्या खिशातले पेन बरोबर हेरून ओढते.

पूर्ण दिवसांच्या बाळाकडेही लक्ष असू द्या. बाहुलीत पांढरे दिसले तर थांबू नका. जन्मजात मोतीबिंदू असेल तर पहिल्या दोन महिन्यांतच शस्त्रक्रिया व्हावी लागते. क्वचित तो डोळ्याचा कर्करोगही असतो. काजळ, मध असले काही डोळ्यात घालू नका.

मालाडहून पश्चिम रेल्वेने विरारच्या पुढे गेले की पालघर लागते. तिथेच फेब्रुवारी २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. जन्मजात मोतीबिंदू आणि कमी दिवसांच्या बाळाचा हा पडद्याचा रोग, दोन्ही त्याच्या यादीत आहेत. आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रात विचारा, पुढे कुठे जायचे ते सांगतील.

शेवटी एक विनंती. हंगामात आपल्या फडात टोळ्या येतात. त्यांतल्या बायका तळावरच्या कोपीत बाळंत होतात, पट्टा पडला की टोळी गावाकडे निघते आणि तपासणीची तारीख मागे राहते. तुमच्या फडातल्या टोळीत असे बाळ असेल तर आशाताईंना कळवा आणि तारखेला मोटारसायकल नाहीतर जीप द्या. एक दिवसाची तोड मागे पडली तर भरून निघेल, तारीख गेली तर ते डोळे भरून निघणार नाहीत.

आपला,
ऊस विकास अधिकारी