गवताचा पंचनामा कोण करणार?

“भाऊ, यात गवत कुठं लिवू?”

काकाजींनी कागद माझ्यापुढे धरला. पावसाने दडी मारलेल्या एका वर्षाची ही गोष्ट. मंगरूळपीरजवळच्या आमच्या गावात मदतीचे अर्ज भरणे चालू होते. अर्जात गट क्रमांक, पीक, क्षेत्र असे रकाने. काकाजींकडे यातले काहीच नव्हते. दोन गाई, दहा-बारा शेळ्या आणि चराईला गावाची ई-क्लास जमीन, एवढ्यावर त्यांचा संसार. त्या साली तिथे गवतच उगवले नाही. मी अर्ज कोराच परत दिला. दिवाळीनंतर एक गाय बाजारात गेली, मग एकेक करून शेळ्या.

बुडालेल्या पिकाचा पंचनामा होतो, मेलेल्या जनावराचाही होतो. 2022-23 ते 2025-26 या काळासाठी केंद्राने ठरवलेल्या निकषांत दुभत्या गाई-म्हशीला 37,500 रुपये, ओढकामाच्या बैलाला 32,000 आणि शेळी-मेंढीला 4,000 रुपये धरले होते. पण जनावर जिवंत आहे, फक्त उपाशी आहे, त्याचे काय?

त्यासाठी चारा छावणी. याच निकषांत मोठ्या जनावरामागे दिवसाला 80 आणि लहानामागे 45 रुपये होते. 2018-19 च्या दुष्काळात बीड, सोलापूरकडच्या छावण्यांनी हजारो जनावरे जगवली, हे विसरता येणार नाही. मात्र छावणी उघडते दुष्काळ जाहीर झाल्यावर. तोवर ज्याने दावे सोडून गाय विकली, त्याच्या हाती काय?

आमच्या वऱ्हाडात पूर्वी ज्वारी होती, तेव्हा घरामागची कडब्याची गंजी हाच गरिबाचा विमा होता. सोयाबीन आले आणि गंजी गेली. चराईची जमीनही अतिक्रमणांनी आकसत गेली. गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे हटवा, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2011 मध्ये सर्व राज्यांना बजावले होते, ते उगाच नव्हे.

अमेरिकेने गवताचाही हिशेब मांडला आहे. तिथल्या 2014 च्या शेती कायद्याने कायम केलेल्या योजनेत, चराईच्या हंगामात सलग चार आठवडे तीव्र दुष्काळ नकाशावर दिसला, की पशुपालक मदतीस पात्र ठरतो. महिन्याच्या चाऱ्याचा खर्च ठरवून त्याच्या 60 टक्के रक्कम मिळते. जनावर मरावे लागत नाही. अर्थात तिथेही स्वतःची किंवा भाड्याची जमीन लागतेच. आपल्याकडच्या भूमिहीनाचे कोडे त्याहून अवघड आहे.

पण ते सुटणारच नाही, असे नाही. केंद्राच्या 2016 च्या दुष्काळ संहितेत पावसाबरोबर उपग्रहाने टिपलेली हिरवळ आणि जमिनीतला ओलावाही तपासला जातो. जनावरांच्या कानांत 12 अंकी क्रमांकाचे पिवळे बिल्ले लागले आहेत. म्हणजे रान कुठे वाळले हे सरकारला कळते, आणि कोणाच्या दावणीला किती जनावरे, हेही कळू शकते. या दोन वह्या शेजारी ठेवल्या, तर सातबारा नसलेल्यालाही वेळेवर चाऱ्यापुरते पैसे देता येतील. गाय विकली जाण्याआधी दिलेले थोडे पैसे ती मेल्यावर दिलेल्या पुष्कळ पैशांपेक्षा मोलाचे, हे कोणत्याही घरधन्याला कळते.

बाजारातून रिकामे दावे खांद्यावर टाकून परतताना काकाजी मला म्हणाले होते, “मेली अस्ती तं मदत भेटली अस्ती, भाऊ. जित्ती होती, हेच चुकलं.”