हाताने दाबलेली एस्प्रेसो: गैरसमज आणि वस्तुस्थिती

घरी एस्प्रेसो करायची तर ओट्यावर विजेचं मोठं यंत्रच हवं, असं अनेकांना वाटतं. पण दाट, मधासारख्या सायीची जी एस्प्रेसो आज जगभर प्यायली जाते, तिचा जन्मच हाताने ओढायच्या दांडीतून झाला. मिलानच्या अकिले गाज्जाने १९३८मध्ये पहिलं पेटंट घेतलं आणि महायुद्ध संपल्यावर, १९४८च्या सुमारास, दट्ट्या आणि दांडीचं यंत्र बाजारात आणलं. विजेच्या पंपाने दाब देणारं फाएमा कंपनीचं ई६१ हे गाजलेलं यंत्र त्यानंतर, १९६१मध्ये आलं.

घरगुती तरफेच्या यंत्रांचे आज ढोबळमानाने तीन प्रकार दिसतात. ला पावोनीच्या युरोपिकोलासारख्या यंत्रात पाणी तापवायला विजेचा बॉयलर असतो, दाब मात्र हात देतो. दुसऱ्या प्रकारात हात फक्त स्प्रिंग दाबतो आणि मग स्प्रिंग दट्ट्याला ढकलते. फ्लेअर किंवा कॅफेलाट रोबोटसारख्या तिसऱ्या प्रकारात वीज अजिबात लागत नाही. किटलीतलं गरम पाणी ओतायचं आणि दांडी दाबायची. या यंत्रांविषयी कुतूहल वाढतंय, तसे गैरसमजही पसरताहेत. ते दूर झाले तर पैसा वाचेल आणि कॉफीही चांगली होईल.

गैरसमज १: लग्नात मिळते ती फेसाळ कॉफी म्हणजेच एस्प्रेसो

वस्तुस्थिती: लग्नाच्या मांडवात सुस्कारे टाकणाऱ्या त्या यंत्रातली वाफ दूध तापवते आणि त्याला फेस आणते. कपात आधीच टाकलेल्या इन्स्टंट पावडरवर हे दूध पडतं. ती कॉफी अनेकांना मनापासून आवडते, पण एस्प्रेसोची कृती वेगळी आहे. तिच्यात बारीक दळलेल्या कॉफीच्या दाबून बसवलेल्या थरातून गरम पाणी साधारण ६ ते ९ बार दाबाने जावं लागतं. एक बार म्हणजे जवळपास आपल्याभोवतीच्या हवेइतका दाब.

मोका पॉटमधली कॉफीसुद्धा या व्याख्येत बसत नाही. बियालेत्तीच्या १९३३च्या त्या भांड्यात वाफेच्या जोरावर पाणी वर चढतं आणि दाब एक-दीड बारच्या आसपासच राहतो. गाज्जाच्या आधीची मोठी इटालियन यंत्रंही वाफेवरच चालत आणि त्यांचीही मर्यादा हीच होती. वाफेचा दाब वाढवायचा तर तापमान वाढवावं लागतं. वाफेच्या बळावर ९ बार दाब हवा असेल, तर पाणी सुमारे १८० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावं लागेल आणि त्या तापमानाला कॉफीची चव पार बिघडेल. दट्ट्याने दाब आणि उष्णता यांची ही गाठ सोडवली. पाणी ९०-९५ अंशांवर ठेवून दाब हवा तेवढा देता येऊ लागला. तरफेच्या यंत्राचं खरं मोठेपण यात आहे.

गैरसमज २: हाताने ९ बार दाब देणं शक्य नाही, किंवा त्यासाठी पैलवानाचं बळ लागतं

वस्तुस्थिती: हिशेब सरळ आहे. ९ बार म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे ९ किलोंचा भार. दट्ट्याचा व्यास ४९ मिलिमीटर असेल तर त्याचं क्षेत्रफळ जवळपास १९ चौरस सेंटिमीटर, म्हणजे एकूण भार १७० किलोंच्या घरात. नुसत्या तळहाताने तो देता येणार नाही. पण तरफेने बळ आठपट होत असेल, तर दांडीवर वीस-बावीस किलोंचा जोर पुरतो आणि शरीराचं वजन थोडं पुढे टाकलं की तो सहज मिळतो. दट्ट्या जितका अरुंद, तितकं बळ कमी लागतं. त्याच्या बदल्यात तेवढंच पाणी ढकलायला दट्ट्याला जास्त अंतर खाली जावं लागतं.

खरा मुद्दा त्यापुढचा आहे. दाब हातामुळे येतो, हे अर्धंच खरं. समोर अडवणारं काही नसेल तर कितीही जोर लावा, दाब तयार होत नाही. अडवण्याचं काम दळलेल्या कॉफीची चकती करते. चकलीचा सोऱ्या दाबणाऱ्याला हे सांगावं लागत नाही: पीठ सैल असेल तर सोऱ्या सरसर फिरतो आणि चकलीला काटे येत नाहीत, पीठ घट्ट असेल तर हात भरून येतात. तरफेवर दांडी भसकन खाली गेली तर कॉफी भरड आहे. दांडी हलेचना, तर ती फार बारीक आहे. इथे ताकद वाढवून उपयोग नाही, दळण बदलायला हवं. पंपाच्या यंत्रात ही गोष्ट कप भरल्यावर कळते. तरफेवर ती पहिल्या दोन-चार सेकंदांतच हाताला कळते आणि शिकणाऱ्यासाठी हे फार मोलाचं आहे.

गैरसमज ३: जितके बार जास्त, तितकी एस्प्रेसो चांगली

वस्तुस्थिती: विजेच्या घरगुती यंत्रांच्या खोक्यावर ठळक अक्षरांत १५ किंवा २० बार लिहिलेलं असतं. तो पंपाच्या कमाल क्षमतेचा आकडा असतो, कॉफीवर तेवढा दाब असावा असं त्यातून सुचवलेलं नसतं. इटलीच्या राष्ट्रीय एस्प्रेसो संस्थेच्या मानकात दाब ९ बार आहे आणि त्यात एक बार इकडेतिकडे चालतो. दाब त्याच्या फार पुढे गेला की चकती आणखी घट्ट होते आणि पाणी तिच्यातल्या कमकुवत जागा शोधून तिथूनच धावतं. त्या जागची कॉफी नको इतकी उतरते, बाकीची कोरडीच राहते.

दाब शेवटपर्यंत ९ बारवरच स्थिर हवा, हेही खरं नाही. स्प्रिंगच्या यंत्रात स्प्रिंग सैल होत जाते, तसा दाब सुरुवातीला जास्त आणि शेवटी कमी होत जातो. शॉटच्या (एका वेळी काढलेल्या एस्प्रेसोच्या) शेवटाकडे चकतीतले विरघळणारे पदार्थ संपत आलेले असतात आणि तिचा अडथळाही कमी झालेला असतो. तेव्हा दाब उतरवला तर धार आटोक्यात राहते आणि कडवटपणाला आळा बसतो. हलक्या भाजणीच्या कॉफीला तर कित्येक जण ६ बारच पसंत करतात. हाताच्या तरफेवर हे चढउतार तुमच्या मर्जीने होतात.

गैरसमज ४: यंत्र चांगलं घेतलं की झालं, दळायला मिक्सर आहेच

वस्तुस्थिती: सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज हाच. मिक्सरचं पातं कॉफीच्या बिया दळत नाही, फोडतं. एकाच भांड्यात पिठासारखी धूळ आणि रव्यापेक्षा जाड कण एकत्र येतात. धूळ चकतीतल्या वाटा बुजवते, जाड कणांमधून पाणी चव न घेताच निसटतं. परिणामी एकाच कपात आंबट आणि कडू अशा दोन्ही चवी येतात. एस्प्रेसोसाठी जात्याच्या तत्त्वावर चालणारा, दोन दातेरी चकत्यांचा किंवा शंकूचा ग्राइंडर लागतो. त्याची जाडी अगदी बारीक टप्प्यांनी बदलता यायला हवी, कारण एका खाचेच्या फरकाने शॉट दहा सेकंद पुढेमागे होऊ शकतो. ग्राइंडर विजेचाच हवा असं नाही. हाताने फिरवायचे चांगले ग्राइंडर हे काम उत्तम करतात.

दुकानातून आणलेली दाक्षिणात्य फिल्टरची पूडही इथे चालत नाही. ती एस्प्रेसोच्या मानाने भरड असते. त्यात चिकोरी असेल तर पाण्यात ती फार लवकर विरघळते आणि चवही वेगळीच उतरते.

आता याची दुसरी बाजू. जितकं बारीक दळू तितका अर्क जास्त, हेही एका मर्यादेपर्यंतच खरं आहे. ओरेगन विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर हेंडन आणि त्यांच्या गणितज्ञ सहकाऱ्यांनी २०२०मध्ये ‘मॅटर’ या नियतकालिकात याविषयी संशोधन मांडलं. फार बारीक दळल्यावर चकतीचे काही भाग बुजतात आणि पाणी सगळीकडे सारखं पोचत नाही, असं त्यांना आढळलं. कॉफी थोडी कमी घेऊन आणि किंचित जाड दळून शॉट अधिक एकसारखे येतात, हा त्यांचा निष्कर्ष. घरी करणाऱ्याला तो लगेच वापरता येण्याजोगा आहे. दळताना कॉफी स्थिर विद्युतभारामुळे ग्राइंडरला चिकटत असेल, तर दळण्याआधी बियांवर पाण्याचा एक थेंब शिंपडावा. याचा उपयोग होतो, हेही हेंडन यांच्या गटाने २०२३मध्ये दाखवून दिलं.

गैरसमज ५: पूड अंगातला सगळा जोर लावून दाबायला हवी

वस्तुस्थिती: शॉटच्या वेळी पाण्याचा दाबच चकतीवर दीडशे-दोनशे किलोंचा भार टाकतो. त्यापुढे टँपरने (पूड दाबायच्या ठोकळ्याने) दहा किलोंनी दाबलं की वीस, हा फरक किरकोळ आहे. महत्त्वाचं आहे ते पूड सारखी पसरणं, तिच्यातल्या गुठळ्या बारीक सुईने मोडणं आणि टँपर सरळ ठेवणं. चकती एका बाजूला कललेली असेल तर पाणी पातळ बाजूने पळ काढणारच.

गैरसमज ६: क्रेमा दाट म्हणजे कॉफी उत्तम

वस्तुस्थिती: भाजताना बियांमध्ये कार्बन डायऑक्साइड साठतो. दाबाखाली तो पाण्यात विरघळतो, कपात येताना सुटतो आणि कॉफीतल्या तेलांसह सोनेरी साय, म्हणजेच क्रेमा, तयार करतो. म्हणून क्रेमा पाहून फार तर इतकं कळतं की कॉफी ताजी भाजलेली आहे आणि दाब मिळाला आहे. चवीचं प्रमाणपत्र ती देत नाही. नुसती क्रेमा चमच्याने चाखून पाहा, ती बरीच कडवट लागते.

रोबस्टा कॉफीची क्रेमा अरेबिकापेक्षा दाट आणि टिकाऊ असते. इथे आपला थेट संबंध येतो. भारतात पिकणाऱ्या कॉफीत सुमारे ७० टक्के वाटा रोबस्टाचा आहे आणि भारतीय कॉफीचा सर्वांत मोठा ग्राहक इटली आहे. इटालियन मिश्रणांत कोडगू आणि चिकमगळूरकडच्या रोबस्टाला मान आहे तो याच दाटपणासाठी. घरी तरफेवर सुरुवात करणाऱ्याने चांगल्या धुतलेल्या रोबस्टाचा थोडा वाटा असलेलं, मध्यम भाजलेलं देशी मिश्रण निःसंकोच निवडावं. भाजल्या दिवशीच मात्र ते वापरू नये. पहिल्या काही दिवसांत वायू इतका सुटतो की धार फुरफुरते. आठवडाभर थांबून पुढच्या महिन्याभरात संपवावं.

गैरसमज ७: उकळतं पाणी ओतलं की कॉफी जळते

वस्तुस्थिती: वीज नसलेल्या तरफेच्या यंत्रात अडचण बहुधा उलटी असते, पाणी गार पडतं. धातूचं गार भांडं क्षणात कित्येक अंश उष्णता शोषून घेतं, म्हणून ते आधी गरम पाण्याने तापवून घ्यावं. पाणी कॉफीपर्यंत पोचताना ९० ते ९५ अंशांच्या दरम्यान असणं चांगलं. हलक्या भाजणीला वरची बाजू मानवते, गडद भाजणीला पाच-सहा अंश कमी चालतात. शिवाय पाणी सगळीकडे १०० अंशांना उकळत नाही. पुण्यात ते ९८च्या आसपास उकळतं, महाबळेश्वरच्या उंचीवर साधारण साडेपंच्याण्णव अंशांना. तिथे हलक्या भाजणीची कॉफी करायची तर किटली उकळताच पाणी ओतायला हवं.

गैरसमज ८: २५ सेकंदांत शॉट आला म्हणजे जमला

वस्तुस्थिती: इटालियन मानकातला २५ सेकंदांचा आकडा ७ ग्रॅम कॉफीतून २५ मिलिलिटर एस्प्रेसो काढण्यासाठी आहे. पूड किती घेतली आणि कपात किती उतरलं, हे न मोजता नुसतं घड्याळ पाहण्यात अर्थ नाही. आज घरोघरी रुळलेलं प्रमाण एकास दोन आहे. म्हणजे १६ ग्रॅम कॉफीतून ३२ ग्रॅम एस्प्रेसो. तरफेवर सुरुवातीला पूड हळू भिजवली, तर एकूण वेळ ३५-४० सेकंदांवरही जातो आणि चव सुरेख असते. शेवटचा निवाडा जिभेचा. आंबट, पातळ आणि पोकळ लागली तर कॉफी पुरेशी उतरलेली नाही, दळण बारीक करा. कडू आणि घशाला कोरड पाडणारी लागली तर दळण जाड करा.

गैरसमज ९: एस्प्रेसोत कॅफीन सर्वांत जास्त

वस्तुस्थिती: थेंबागणिक मोजलं तर होय, कपागणिक मोजलं तर नाही. ३० मिलिलिटरच्या एका एस्प्रेसोत सुमारे ६३ मिलिग्रॅम कॅफीन असतं, तर २४० मिलिलिटर ड्रिप कॉफीच्या मगात सुमारे ९५. गडद भाजल्याने कॅफीन वाढत नाही. रोबस्टात मात्र ते अरेबिकाच्या जवळपास दुप्पट असतं.

गैरसमज १०: हाताचं यंत्र म्हणजे धोका नाही

वस्तुस्थिती: दाब आणि गरम पाणी एकत्र असतं तिथे सावधपणा हवाच. स्प्रिंगच्या यंत्रात स्प्रिंग दाबलेली असताना आणि खाली पुरेशी बारीक कॉफी नसताना दांडी सोडली, तर ती जोराने उसळते. तोंड दांडीच्या वाटेत कधीही नसावं. शॉट संपल्यावर आतला दाब उतरेपर्यंत पोर्टाफिल्टर (कॉफी भरायचं मुठीचं भांडं) काढू नये, नाहीतर गरम चोथा अंगावर उडतो. लहान मुलं ओट्याजवळ असतील तर अधिकच जपावं.

सुरुवात कुठून करावी

हाताशी पैसे मोजके असतील तर त्यातला मोठा भाग ग्राइंडरवर खर्च करावा आणि ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा घ्यावा. यंत्र साधं असलं तरी चालतं. कपात दूध लागत असेल, तर वीज नसलेल्या यंत्रात वाफेची नळी नसते, हे लक्षात घेऊन दूध फेसायची वेगळी सोय करावी.

मग १६ ग्रॅम पूड, तापवलेलं भांडं, हलक्या हाताने पहिले थेंब दिसेपर्यंतची पाच-आठ सेकंदं, त्यानंतर ६ ते ९ बार आणि काट्यावर २५ ग्रॅमच्या पुढे गेल्यावर हळूहळू सैल होत जाणारा हात. ३२ ग्रॅमवर थांबायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि सुरुवातीला ती दळणाची जाडी असावी. बाकी सगळं तसंच ठेवून आधी दांडीचा अडथळा आणि मग कपातली चव ताडून पाहत गेलं, की कोणती जाडी आपल्या कॉफीला मानवते ते कळू लागतं. नवी कॉफी आणली की ही जाडी पुन्हा शोधावी लागते, आणि ती शोधता आली की एस्प्रेसो आपल्याला जमली असं खुशाल म्हणावं.