फोन चुकला एका झाडानं!

एक डबा हरवला होता. स्टीलचा, झाकणावर नाव कोरलेला, आत पोळी आणि वांग्याची भाजी!

हरवला कुठे? आष्टीला, आमच्या संत्र्याच्या बगीच्यात. तुम्ही संत्र्याचा बगीचा पाहिलाय का? सगळी झाडं एकसारखी, सगळ्या ओळी एकसारख्या. आत शिरलं की आपण कितव्या ओळीत आहोत तेच कळत नाही!

माझी भाची चिमी सहावीत आहे. डबा ठेवला ते झाड विसरू नये म्हणून तिनं काय केलं, ओळखा! फोनवरच्या नकाशात त्या जागी खूण करून ठेवली. किती हुशार ना? आणि मग खेळता खेळता डबा तिथंच ठेवून घरी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि चिमी फोन घेऊन निघालो. निळा ठिपका पुढे सरकतोय, आम्ही सरकतोय. शेवटी ठिपका आणि खूण एकमेकांवर आली. पोचलो! झाडाखाली वाकून बघतो तर काय? वाळकी पानं आणि दोन मुंगळे.

"मामा, अरे इथंच ठेवला होता मी!"

आजीनं धुऱ्यावरूनच निकाल दिला. (आमच्याकडे शेताच्या बांधाला धुरा म्हणतात.) "वांदरानं नेला असन!"

पण वानराची काहीच चूक नव्हती. डबा सापडला. अगदी शेजारच्या झाडाखाली!

संत्र्याची झाडं साधारण सहा-सहा मीटरवर लावतात. म्हणजे फोन चुकला तो एका झाडानं. चिमी फोनवर जाम रागावली. मला मात्र टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. का, सांगतो.

फोनला जागा कुणी सांगितली? जीपीएसच्या उपग्रहांनी. ते किती उंच असतात माहितेय? २०,२०० किलोमीटर! काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतचा आपला अख्खा भारत उभा करा. त्याच्यावर दुसरा भारत. असे सहा भारत एकावर एक रचले तरी उपग्रह अजून थोडा वरच राहील! आणि तो जागेवर थांबलेला नाही बरं का. ताशी सुमारे १४,००० किलोमीटर वेगानं पळतोय. तिथून येणाऱ्या संदेशावर आपली जागा काढायची, आणि चूक किती? एक झाड!

बरं, उपग्रह जागा सांगतात ती "आष्टी" असं नाव घेऊन नाही. नावात फार घोटाळे असतात. वर्धा जिल्ह्यात आष्टी आहे, बीड जिल्ह्यात आष्टी आहे, गडचिरोली जिल्ह्यातही आष्टी आहे! म्हणून फोन दोन आकड्यांत जागा मोजतो. एक आकडा विषुववृत्तापासून उत्तरेला किती ते सांगतो, दुसरा एका ठरलेल्या उभ्या रेघेपासून पूर्वेला किती ते. आमच्या आष्टीचा उत्तरेचा आकडा २१नं सुरू होतो. बीडवाल्या आष्टीचा १८नं आणि गडचिरोलीवाल्या आष्टीचा १९नं. संपला घोटाळा!

या आकड्यांत दशांश चिन्हानंतर लांबलचक शेपूट असतं. शेपटातला पाचवा आकडा एकानं बदलला की जागा साधारण १ मीटर सरकते. सहावा बदलला की ११ सेंटिमीटर. फोन सहासुद्धा आकडे दाखवतो. मग त्याला आपली जागा विती-बोटांत कळते का? छे! समजा, तुम्ही आईला विचारलंत, "डब्यात तांदूळ किती?" आणि ती म्हणाली, "चार हजार तीनशे सतरा दाणे." तुम्ही विश्वास ठेवाल? फोनच्या शेपटातले शेवटचे आकडे असेच असतात. फोन झाडाखाली एका जागी ठेवून बघा, ते आकडे आपोआप नाचत राहतात!

आता गंमत बघा. उपग्रह आपल्याला पाहत नाही. त्याला आपण आहोत हेसुद्धा माहीत नसतं! तो फक्त सारखा ओरडत असतो, "मी अमुक उपग्रह, मी इथे आहे, माझ्या घड्याळात आता इतके वाजलेत!" बाकीचं गणित फोनचं.

वीज चमकल्यावर गडगडाट ऐकू येईपर्यंत तुम्ही आकडे मोजता ना? तीन सेकंद लागले, म्हणजे वीज साधारण एक किलोमीटरवर. वेळेवरून अंतर! फोन हेच करतो. फक्त उपग्रहाची हाक आवाजाच्या नाही, प्रकाशाच्या वेगानं येते, सेकंदाला ३ लाख किलोमीटर. त्या सहा भारतांएवढ्या उंचीवरून इथे यायला तिला सेकंदाचा दहावा भागसुद्धा लागत नाही.

अंतर कळलं, पण जागा कशी कळायची? त्यासाठी एक बकरी आणा. तिला एका खुंट्याला दोरीनं बांधा. दोरी ताणलेली आहे, एवढंच तुम्हाला माहीत आहे. मग बकरी कुठे असेल? खुंट्याभोवतीच्या गोल रिंगणावर कुठेही. आता दुसऱ्या खुंट्याची दोरीही तिला बांधा. दोन्ही दोऱ्या ताणलेल्या हव्यात. मग बकरीला दोनच जागा उरतात! तिसरी दोरी बांधली की एकच. उपग्रह म्हणजे खुंटे. आणि बकरी कोण? आपण!

पण फोनला तीन उपग्रह पुरत नाहीत, चार लागतात. चौथा कशाला, ओळखा पाहू?

घड्याळासाठी! आमच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ पाच मिनिटं पुढे आहे. तुमच्याकडचंही असेलच. शाळेची बस चुकू नये म्हणून चालतं तसं. पण इथे? सेकंदाचे दहा लाख तुकडे करा. त्यातल्या एका तुकड्यानं घड्याळ चुकलं, तर जागा चुकते ३०० मीटरनं! उपग्रहात अणुघड्याळ असतं, अत्यंत महागडं आणि काटेकोर. फोनात असतं साधंसं घड्याळ. ते चुकलं की सगळ्या दोऱ्या एकदम सारख्याच मापानं लांब नाहीतर आखूड होतात. चौथी दोरी आली की ही लबाडी उघडी पडते, कारण चारही टोकं एका ठिकाणी भेटतच नाहीत. मग फोन आपलं घड्याळ मागेपुढे करत राहतो, टोकं भेटेपर्यंत. भेटली, की जागाही कळली आणि अणुघड्याळाची वेळही फुकटात मिळाली!

माझी सगळ्यात आवडती गोष्ट तर पुढे आहे. उपग्रहातलं घड्याळ कितीही चांगलं असलं, तरी तिथे वर ते जमिनीवरच्या घड्याळापेक्षा पुढे पळतं. रोज सेकंदाच्या दहा लाख तुकड्यांपैकी ३८ तुकडे! ते बिघडलेलं नसतं. पृथ्वीपासून दूर, जिथे तिची ओढ कमी, तिथे वेळच जरा भराभर चालते. वेगानं पळण्यामुळे ती थोडी मंदावतेसुद्धा, पण बेरीज-वजाबाकी करून ३८ तुकडे पुढे. हे आइन्स्टाइननं उपग्रह उडण्याच्या कितीतरी आधी कागदावर सांगून ठेवलं होतं. म्हणून काय करतात? उपग्रह सोडण्याआधीच त्याचं घड्याळ मुद्दाम किंचित हळू चालेल असं लावतात! नाहीतर एका दिवसात १० किलोमीटरहून जास्त घोटाळा झाला असता. चिमीचा डबा फोननं कदाचित अप्पर वर्धा धरणाच्या पाण्यात दाखवला असता!

एवढं सगळं करूनही एका झाडाची चूक उरते ती कुठून येते?

थोडी वरच्या हवेतून. जमिनीपासून शंभर किलोमीटरच्या आसपास वर गेलं की उन्हानं विजेचे कण सुट्टे झालेला थर लागतो. उपग्रहाची हाक त्यातून येताना रेंगाळते. रिकाम्या रस्त्यानं तुम्ही शाळेत झपझप पोचता, पण आठवडी बाजाराच्या दिवशी? तसंच! दुपारी ही गर्दी जास्त, पहाटे कमी. आणि आपल्या मध्य भारताच्या आभाळात ती जगातल्या पुष्कळ ठिकाणांपेक्षा दाट असते.

थोडी चूक आजूबाजूची. टिनाच्या शेडवर, भिंतीवर आपटून हाक उशिरा पोचते, विहिरीत ओरडल्यावर येते तशी. झाडाची पानं हाक अडवतात, आणि पाऊस पडून ओली झाली की जास्तच. मोकळ्या आभाळाखाली साध्या फोनची चूक बहुतेक वेळा पाच मीटरच्या आत राहते. जंगलात गस्त घालणाऱ्यांच्या हातात असतं तसं खास जीपीएस यंत्र असेल, तर तीन-चार मीटरही. दाट झाडीत मात्र दहा मीटर आणि त्याहून जास्तसुद्धा. आमचा बगीचा मोठ्या झाडांचा, मग फोनला डब्याचं नेमकं झाड कसं सापडावं!

उंची सांगताना तर फोन आणखी चुकतो. सगळे खुंटे आपल्या डोक्यावर, पायाखाली एकही नाही. खालचे उपग्रह पृथ्वीच्या पलीकडे लपलेले!

चिमीला म्हटलं, तू नशीबवान आहेस. २००० सालापर्यंत अमेरिकेचं सैन्य सामान्य लोकांसाठीचे संदेश मुद्दाम बिघडवून पाठवायचं. तेव्हा चूक असायची शंभर मीटरपर्यंत! १ मे २००० च्या मध्यरात्री त्यांनी ते बंद केलं आणि जगभरातली यंत्रं एका रात्रीत शहाणी झाली.

आणि ही चूक आणखी कमी करणारी एक जागा आमच्यापासून शंभरेक किलोमीटरवर आहे. नागपूरला! भारताची "गगन" नावाची व्यवस्था आहे, इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणानं मिळून उभारलेली. तिची केंद्रं देशभर आहेत, त्यातलं एक नागपूरला. त्या केंद्राला स्वतःची जागा आधीच पक्की ठाऊक असते. तरी ते उपग्रहांना विचारतं, "मी कुठे आहे?" उत्तर चुकलं की कितीनं चुकलं ते लगेच कळतं! ज्याच्याकडे उत्तरपत्रिका आहे, त्याला चूक शोधायला किती वेळ लागणार? सगळ्या केंद्रांनी पकडलेल्या चुकांवरून दुरुस्ती काढतात आणि ती आपल्याच उपग्रहांवरून सगळ्यांना कळवतात. मुख्य उपयोग विमानांना, पण गगनची भाषा कळणाऱ्या हातातल्या यंत्रांनाही तो होतो.

आता धुऱ्याकडे चला. शंभर मीटर लांबीचा एक धुरा घ्या. फोनच्या भरवशावर तो पाच मीटर सरकवला तर? ५०० चौरस मीटर जमीन, म्हणजे जवळपास पाच गुंठे, शेजाऱ्याची झाली! त्यावरची चौदाएक संत्र्याची झाडंही गेली. डब्यासाठी चालणारी चूक धुऱ्यासाठी मुळीच चालत नाही. यावरून भावाभावांत भांडणं होतात.

गुंठा म्हणजे केवढा? एक बाजू ३३ फूट, दुसरीही ३३ फूट. आणि क्रिकेटच्या दोन स्टंपांमधलं अंतर? ६६ फूट. बरोब्बर दोन गुंठ्यांच्या बाजू! आहे की नाही मज्जा?

धुऱ्याची चूक परवडत नाही, म्हणून शेताची मोजणी करायला भूकरमापक येतात ते काठीवर बसवलेलं रोव्हर नावाचं यंत्र घेऊन. तेही उपग्रहांचंच ऐकतं, पण फार बारकाईनं. उपग्रहाची हाक लहरींवर बसून येते आणि त्यातली मुख्य लहर असते १९ सेंटिमीटरची, एका नव्या पेन्सिलीएवढी. रोव्हर त्या लहरी मोजतो, एका लहरीचा छोटासा तुकडासुद्धा! शिवाय पक्की जागा माहीत असलेलं केंद्र त्याला सतत दुरुस्ती सांगत असतं. मग चूक उरते दोन-चार सेंटिमीटर. दोन बोटं!

उपग्रह नव्हते तेव्हा काय करायचे? त्याची खूण आमच्याच जिल्ह्यात आहे, हिंगणघाटला. विल्यम लॅम्ब्टन यांची कबर. १८०२ साली त्यांनी मद्रासजवळ साखळीनं जमीन मोजायला सुरुवात केली आणि मोजत मोजत पुढे उत्तरेकडे आले. शंभर फुटांची पोलादी साखळी! ऊन लागलं की लोखंड लांबतं आणि माप चुकतं, म्हणून तिच्यावर सावली धरायचे. कोन मोजायचं त्यांचं यंत्र तर अर्ध्या टनाचं होतं. ते डोंगरांवर चढवायचे, एकदा देवळाच्या गोपुरावरसुद्धा चढवत होते! मोजण्याचं काम चालू असतानाच, २० जानेवारी १८२३ ला, हिंगणघाटला त्यांचं निधन झालं. त्यांच्या मोजणीची मुख्य रेघ ७८ अंशांच्या आसपास दक्षिणोत्तर जाते. आमच्या आष्टीचा पूर्वेकडचा आकडा कितीनं सुरू होतो, सांगा बरं? ७८नंच!

चिमीला हे सगळं सांगितलं तेव्हा ती गप्प बसली. मग म्हणाली, "मामा, खडे गोळा करू या."

आम्ही संत्र्याचं एक रिकामं कॅरेट धुऱ्याजवळ मोकळ्या जागी ठेवलं आणि फोनमध्ये त्याची खूण केली. मग दर तासाला चिमी लांब जायची, नजर फक्त फोनवर ठेवून चालत यायची आणि फोन "पोचलात" म्हणेल तिथे एक खडा ठेवायची. सकाळचा खडा पडला उत्तरेला. दुपारचे दोन पार धुऱ्यापलीकडे, शेजाऱ्याच्या तुरीत! चारचा जवळ, पाचचा एकदम जवळ.

संध्याकाळपर्यंत नऊ खडे झाले. कॅरेटवर एकही नव्हता. चिमी कॅरेटवर चढून उभी राहिली आणि बोट दाखवत मोजू लागली. चार खडे या बाजूला, पाच त्या बाजूला, आणि बरोब्बर मधे ती!

"आजी," ती ओरडली, "आता वांदरानं कॅरेट नेलं तरी सापडेल!"